दोरा बांधलेला थर्मास

हे मी अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. एकदा देवीपुढे बोलून मोकळं व्हावं म्हणून देवळात गेले होते, तर पुजारी जरा जास्तच जवळ उभा होता — तशीच परत आले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरी मनात येतंच, की हे वाचून तुम्ही कुणाला तरी म्हणाल, ‘हैदराबादला नल्लकुंट्यात अशी एक बाई राहते म्हणे.’ म्हणाल ना? असू दे. म्हणा.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. मी संशयी आहे. दुधाचा थेंब नखावर ठेवून बघते, तो पटकन ओघळला की दूधवाल्याशी भांडते. बाजारातून आणलेली भाजी घरी पुन्हा तोलते. दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली, की ती माझ्याबद्दलच बोलताहेत असं मला वाटतं — आणि पुष्कळदा ती बोलतही असतात, कारण अशा बाईबद्दल लोक बोलणारच. माझा नवरा म्हणतो, शैलाला स्वर्गात नेलं तरी ती आधी तिथलं अमृत गाळून घेईल. सगळे हसतात. मीही हसते. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, पण त्याला निदान कावीळ झालीय हे तरी कुणी सांगतं. मला कुणी सांगितलं नाही. की सांगितलं, आणि मी त्यांच्या हेतूवरच संशय घेतला? तसंही असेल.

आमच्या घरात दोघे भाऊ एकत्र राहतात. थोरले म्हणजे माझे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते, आणि धाकटा माझा नवरा. स्वयंपाकघर एकच. थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही. मी उदगीरची, अक्का जन्मापासून हैदराबादच्या. त्यांच्या मराठीत निम्मं दखनी असतं, भाजीवालीशी तेलुगू बोलतात, आणि कुणावर रागावल्या तरी समोरच्याला ते कळायला वेळ लागतो. त्यांना एक मुलगी, रेणू. आमचा मुलगा शिकायला बाहेरगावी. घर मोठं, माणसं थोडी.

आणि अक्कांचा काढा. तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

तुळस, गवती चहा, ठेचलेलं आलं, चार मिरी, लवंग, अंगणातल्या अडुळशाचं एखादं पान — हे तुमच्याकडेही घालत असतील. पण अक्कांच्या काढ्यात पंसाऱ्याकडचं, म्हणजे जडीबुटीच्या दुकानातलं, उन्नाब असतं, सुक्या बोरासारखं लाल, आणि बनफशाची वाळलेली फुलं. ही इथल्या जोशांद्याची, म्हणजे युनानी काढ्याची रीत. अक्कांच्या माहेरी शेजारच्या मुसलमान बायकांकडून ती त्यांच्या आईकडे आली, आईकडून अक्कांकडे. मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत आटवायचं, मग गाळून थोडा वेळ झाकून ठेवायचं. घरात कुणी दोनदा शिंकलं की पातेलं चढलंच. शेजारपाजारचेही पेले घेऊन येत. ‘अक्कांच्या हाताला गुण आहे,’ असं जो तो म्हणे. ते वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! माझ्या हाताला कसला गुण आहे, हे कुणी कधी बोललं नाही. हे टोचायचं का? टोचायचं. खोटं कशाला बोलू.

नवी नवरी असताना या काढ्याच्या पहिल्या घोटाला मी सगळ्यांसमोर उलटी केली होती, इतका तो कडू होता. सगळे हसले, फक्त अक्का हसल्या नाहीत. पुढच्या वर्षीपासून मला तो कडू लागेनासा झाला. सवय झाली असेल, असं मी धरून चालले.

आता त्या हिवाळ्याकडे येते. मोठी साथ ओसरून गेली होती, पण लोक साध्या खोकल्यालाही घाबरत. आमच्याकडे आधी भाऊजींना ताप आला, मग आम्हा दोघी जावांना एकदमच. ताप उतरला, खोकला मात्र जाईना. नाक बंद, घशात काटे. अक्का रोज सकाळी काढा करत. पुरुष एकेक पेला पिऊन कामावर जात, आणि आम्हा दोघींचा दिवसभरासाठी थर्मासमध्ये भरून ठेवलेला असे. एकसारखे दोन स्टीलचे थर्मास.

पण त्या वर्षी पातेली दोन होती.

इतकी वर्षं एक पातेलं पुरलं, मग आता दोन कशाला? मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून बघितलं — हो, दाराआड. मोठ्या पातेल्यात अक्कांनी एका बिनचिठ्ठीच्या डब्यातली पिवळसर पूड टाकली. लहान पातेल्यात टाकली नाही. मोठ्यातलं माझ्या थर्मासमध्ये गेलं, लहानातलं त्यांच्या. आणि मग त्यांनी स्वतःच्या थर्मासच्या कडीला लाल नाड्याचा तुकडा बांधला. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून.

मनात शंकेची पाल चुकचुकली. जे त्या स्वतः पीत नाहीत, ते मला का पाजतात? पुरुषही मोठ्यातलंच पितात, हे मी सोयीस्कर विसरले.

तुम्ही म्हणाल, विचारायचं होतं. किती सोपं होतं, नाही? पण विचारलं तर खोटं सांगतील, असं वाटलं. त्या खोटं सांगतील हे कशावरून? त्या आपणहून सांगत नव्हत्या, त्यावरून. माझं डोकं असंच चालतं. शिवाय इतरही गोष्टी होत्या. रेणूचं लग्न जुळत आलं होतं, त्याबद्दल बोलताना मी आत गेले की भाऊजी आणि त्या गप्प होत. ब्लाऊजपीस आणायला म्हणून अक्का हिमायतनगरला गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. त्यांच्या कपाटाला कधी कुलूप नसायचं, ते आता असायचं. एवढं सगळं मी मनात एकाला एक जोडत बसले. त्याचं चित्र जे झालं, ते मला अगदी स्वच्छ दिसत होतं. मी मोठी हुशार, असंही वाटत होतं.

सांगते. सांगतेच आहे. थोडं थांबत सांगितलं तर चालेल ना?

अक्का गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. दोन्ही थर्मास ओट्यावर होते. मी लाल नाडा सोडला आणि दुसऱ्या थर्मासला बांधला. बस, एवढंच. काही सांडलं नाही, आवाज झाला नाही. मनात म्हटलं, यात वाईट काही नसेल तर अक्कांना काही होणार नाही, आणि असेल तर — ज्याचं त्याला. बघा, किती न्यायाचं वाटतं ऐकायला! मी माझ्या जावेवर प्रयोग करत होते आणि मला वाटत होतं की मी न्याय करते आहे.

माझं नाक तोवर थोडं मोकळं झालं होतं. त्यांचा काढा मी प्यायले. कडू जहर! उलटी होता होता राहिली. पण संशयी माणसाला उत्तर सापडायला कितीसा वेळ लागतो? मी ठरवलं, हाच खरा औषधी काढा, अस्सल, म्हणूनच कडू. मला आजवर गोड पाणी पाजून फसवलंय. दुसऱ्या दिवशीही मी नाडा बदलला. मग रोजच. अक्का गच्चीवर गेल्या की माझी बोटं आपोआप गाठ सोडायची.

आता जे सांगणार आहे, ते नाड्याहून वाईट आहे.

सुरुवातीला अक्कांना सर्दीमुळे कशाचीच चव नव्हती. मग हळूहळू नाक मोकळं झालं. एका दुपारी त्यांनी पेला तोंडाला लावला, थांबल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “शैला, हे गोड का लागतंय गं? जरा बघतेस का चाखून?”

तेव्हा सगळं थांबवता आलं असतं. नुसतं ‘हो, गोड आहे’ म्हटलं असतं तरी पुढचं टळलं असतं. मी पेला घेतला, एक घोट प्यायले. चांगलाच गोड होता.

“कडूच आहे की, अक्का,” मी म्हटलं. “आजारपणात तुमच्या तोंडाची चव गेलीय.”

“हौ?” त्या म्हणाल्या. “तसंच असंल मग.” आणि पेला संपवला.

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं नाही. दुसऱ्यांदा चाखून बघितलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर डबे उघडले असते, पातेलं हुंगलं असतं, घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्यानंतर त्यांचं डोकं दुखायला लागलं. पाय सुजले. जोडवी बोटांत रुतायला लागली, ती साबण लावून काढावी लागली. जिना चढताना मध्येच बसत. मी हे बघत होते. आणि मला काय वाटलं असेल? काळजी वाटली? नाही. मला वाटलं, बघा, होतंच त्यात काहीतरी! माझा संशय खरा निघाला म्हणून मला आनंद झाला. एका घरात राहणाऱ्या, माझ्या बाळंतपणात रात्रीचा दिवस करणाऱ्या बाईचे पाय सुजले, आणि मला आनंद झाला. तरी मी नाडा जागेवर ठेवला नाही. पुरती खात्री करून घ्यायची होती ना!

मग एका सकाळी रेणूच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार म्हणून आम्ही दोघी पुरणाच्या तयारीला बसलो होतो. अक्का पाटावरून उठायला गेल्या आणि उठताच आलं नाही. पायांत बळच नव्हतं. “शैला, पाय ऐकंना गं,” एवढं म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. ओठ पांढरे पडले होते. आम्ही त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. निघताना त्यांनी काढ्याचा थर्मास बरोबर घ्यायला सांगितला, तो मीच पिशवीत टाकला. लाल नाड्याचा.

डॉक्टरांनी तपासलं. बीपी फार चढलं होतं, आणि रक्तातलं पोटॅशियम नको इतकं उतरलं होतं. त्याने हृदयाचे ठोके चुकत होते. डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही ज्येष्ठमध घेताय का? काढ्यात वगैरे? मी नको म्हटलं होतं.”

अक्का पलंगावरून म्हणाल्या, “नाही हो, डॉक्टरसाब. तुम्ही मना केल्यापासून माझा मी अलग करते. ते बाकीच्यांच्यात टाकते फक्त. आमच्या शैलाला कडू चालत नाही.”

ते मी उभ्या उभ्या ऐकलं. डब्यातली ती पूड ज्येष्ठमधाची होती. माझ्या त्या पहिल्या उलटीनंतर, इतकी वर्षं, काढा गोड व्हावा म्हणून अक्का ती घालत होत्या. कुणाला न सांगता. माझी लाज राहावी म्हणून. आणि त्यांना बीपी होतं, हे मला त्या क्षणी कळलं. हिमायतनगरची ती फेरी याच डॉक्टरांकडची होती, कपाटात गोळ्या होत्या. रेणूचं ठरेपर्यंत बाहेर कळू नये म्हणून त्यांनी ते माझ्यापासून लपवलं होतं — भाऊजींनी नंतर मान खाली घालून तसं सांगितलं. शैलाच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून. मी बोलले असते का हो बाहेर? बोलले असते.

डॉक्टर म्हणाले, त्या काय पितात ते मला बघायचंय. भाऊजी औषधं आणायला गेले होते. थर्मास माझ्या पिशवीत होता. मी पिशवी घेऊन तिथल्या बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि सगळा काढा बेसिनमध्ये ओतला. गोड वास आला. नळ सोडून मी थर्मास विसळला, पुन्हा विसळला, झाकणसुद्धा. बाहेर आले. भाऊजींनी मागितला तेव्हा म्हटलं, रिकामाच आणलाय, गरम पाणी भरून घ्यायला.

कुणीही माझ्यावर संशय घेतला नाही. माझ्यावर, जिने अख्ख्या जगावर घेतला! सगळे म्हणत होते, शैला होती म्हणून वेळेवर दवाखाना गाठला.

पण ज्येष्ठमध आलं कुठून, याचं उत्तर तर हवं होतं. माझ्या नवऱ्याने पंसाऱ्याच्या दुकानात जाऊन त्याला नाही नाही ते सुनावलं, की तुझ्या मालात भेसळ आहे. तो म्हातारा शपथा घेत होता म्हणे. भाऊजी अक्कांवर ओरडले, की तूच विसरून टाकलं असशील. आणि अक्का? अक्कांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, “हौ, मीच टाकलं असंल. सवयीचा हात आहे, गेला असंल डब्यात. शैला म्हणाली पण होती, माझी चव गेलीय म्हणून.”

तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. मी त्यांची शाल सारखी केली.

अक्का बऱ्या झाल्या. बीपी ताब्यात आहे, सूज उतरली, जोडवी पुन्हा बोटांत आली. रेणूचं लग्नही झालं. तिच्या सासूबाईंना बीपीचं कळलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, अहो, मीही रोज गोळी घेते. एवढ्याशा गोष्टीसाठी हे सगळं लपवलेलं होतं.

मग बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आमच्याकडे येऊन एक दिवस राहिलात तर कळेल. अक्का आमटीत मीठ घालतात आणि मला हाक मारतात, बघ गं, घातलंय का मी? गॅस बंद करून खोलीत जातात आणि परत येऊन बटण हाताने चाचपतात. मग पुन्हा येतात. शेजारची मुलं खोकली तरी त्या काढा देत नाहीत; हात मागे घेतात आणि म्हणतात, माझ्याच्यानं नको बाबा, काही कमीजास्त झालं तर. पेले घेऊन येणारी माणसं आता येत नाहीत. अडुळसा अंगणात वाढतो आहे, कुणी पान तोडत नाही. रेणू पुण्याहून फोन करते तेव्हा आईला सांगते, आई, काकूला विचारूनच घे हं सगळं. ती प्रेमानेच सांगते. अक्का फोन ठेवतात आणि खरंच मला विचारायला येतात.

मी जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला. स्वतःवर कधी घेतला नाही, त्यामुळे माझं बरं चाललं. अक्कांनी कुणावरच घेतला नव्हता. आता त्या घेतात, फक्त स्वतःवर. सर्दी एकाची दुसऱ्याला लागते तशी माझी खोड त्यांना लागली, आणि त्यांच्यात ती माझ्यापेक्षा जास्त बळावली.

पंसारी अजून तिथेच बसतो. मी दुसऱ्या दुकानातून सामान आणते.

काढा आता मी करते. आमच्या घरात आता माझ्या हाताला गुण आहे म्हणतात. परवा भाऊजी पाहुण्यांसमोर म्हणाले, शैला आहे म्हणून हे घर चाललंय, आणि मी खाली बघून बशीतले पोहे सारखे केले. लोकांना वाटलं, लाजली.

या आठवड्यात अक्कांना पुन्हा खोकला झाला आहे. मी दोन पातेली चढवते, मोठं पुरुषांसाठी. लहान पातेल्याच्या आसपास ज्येष्ठमधाचा डबा ठेवत नाही. माझ्या थर्मासमधला काढा मीही आता कडूच पिते, पण त्याने काय होतं? काही होत नाही. लाल नाडा तोच आहे, धुऊन धुऊन फिका झालेला. तो मी त्यांच्या थर्मासला बांधते, घट्ट, दोन गाठी मारून. अक्का नाड्याकडे बघतही नाहीत.

काल दुपारी मी त्यांना पेला भरून दिला. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या.

“कडू आहे ना गं?” त्यांनी विचारलं. “तूच सांग. माझ्या तोंडाचा काही भरवसा नाही.”

“कडू आहे, अक्का,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि सगळा पेला पिऊन टाकला.